बाबांचं बोट आणि नऊ बरण्या

आमच्या घरातल्या लोणच्याच्या नऊ बरण्या मी बाटवल्या, असं आई शेवटपर्यंत सांगत होती. बाटवल्या हा तिचाच शब्द. नासवल्या म्हणाली असती तर मी घासूनपुसून परत दिल्या असत्या, पण बाटलेल्या बरणीला उपाय नसतो. त्या बरण्यांत मी जनावरं पाळली होती. जनावरं म्हणजे पॅरामीशियम. एका पेशीचा जीव, चपलेच्या तळव्यासारखा आकार, अंगभर बारीक केस, आणि ते केस हलवत पाण्यात कायम कुठेतरी निघालेला. नुसत्या डोळ्यांना धुळीच्या कणाएवढा दिसतो, म्हणजे दिसत नाहीच. आई म्हणायची, "जे दिसत नाही ते पाळतेस आणि दिसतं ते मांजर हाकलतेस. धन्य आहे बाई तुझी!"

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मॅडमनी मला विषय दिला होता, कापडमिलच्या रंगाचं पाणी किती विषारी आहे ते या जीवांवर तपासायचं. पद्धत सोपी. नऊ बरण्या घ्यायच्या. पहिलीत जीव आणि साधं पाणी, तिला म्हणायचं कंट्रोल. पुढच्या आठांत जीव तेच, पण त्यांत रंगाचं पाणी चढत्या मापाने घालायचं. मग रोज प्रत्येक बरणीतला एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कितीजण फिरताहेत ते मोजायचं. पहिलीतले जगले आणि बाकीचे मेले तर रंग विषारी. "और नलू, एक बात याद रखना," मॅडम म्हणाल्या, "कंट्रोल मरा तो प्रयोग मरा." विभागाला उन्हाळ्याची सुट्टी लागत होती, म्हणून त्यांनी मला सूक्ष्मदर्शक घरी न्यायला दिला. इंदुरात भंवरकुआंपासून परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरापर्यंत ती लाकडी पेटी मी टेम्पोत मांडीवर धरून आणली. शेजारच्या बाईने विचारलं, "हारमोनियम है क्या?" मी हो म्हटलं. खरं सांगून कोण सुटलंय!

मिल चालू होती तेव्हा आमच्या घरात घड्याळाला कुणी विचारत नसे. पहिल्या भोंग्याला आई पोहे भिजवायची, दुसऱ्याला फोडणी द्यायची, आणि तिसऱ्याच्या आत बाबा जीरावण मसाला भुरभुरवलेले पोहे खाऊन सायकलवर बसलेले असायचे. भोंगा बंद झाला तसे आईचे पोहे कधी कोरडे राहू लागले, तर कधी त्यांचा लगदा होऊ लागला. बाबा मात्र भोंग्याशिवायही त्याच ठोक्याला उठायचे, दाढी करायचे, खाकी शर्ट चढवायचे आणि मग मागच्या ओसरीत उभे राहून आपण आता कुठे जायचं याचा विचार करायचे. ते रंगखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. तीस वर्षं. त्यांच्या नखांच्या कडांना आणि बोटांच्या पेरांना कायमची निळी झाक होती. मिल बंद होऊन आठ महिने झाले तरी ती गेली नव्हती.

रंगाचं पाणी तपासायची बाबांची एक रीत होती. हौदात उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, क्षणभर छताकडे पाहायचं, बाजूला थुंकायचं आणि म्हणायचं, "पास." किंवा म्हणायचं, "सोडा कमी आहे, डाल अजून." मिलमध्ये तपासणीची वेगळी खोली होती, तिथे कागदाच्या पट्ट्या होत्या, पांढऱ्या कोटातला माणूस होता. पण कोटवाल्याच्या पट्टीपेक्षा बाबांची जीभ खरी, असं सगळ्या खात्याचं मत होतं आणि बाबांचंही होतं. आठवून आज अंगावर काटा येतो. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा, मैत्रिणींना मी ते रंगवून सांगायचे.

शेवटच्या पाळीला बाबांनी हौदातलं गडद निळं पाणी एका मोठ्या बाटलीत भरून घरी आणलं होतं, आठवण म्हणून. ती बाटली देवघराच्या कोनाड्यात गंगाजळाच्या गडूशेजारी असायची. "लोकांनी मिलमधून चादरी आणल्या, टॉवेल आणले. यांनी घाण पाणी आणलं!" असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला प्रयोगाला मिलचं पाणी हवं होतं आणि नाल्यात तर आता रंग येत नव्हता. मी बाटलीकडे बोट दाखवलं. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि एका अटीवर हो म्हणाले.

अट कळायला आधी गेटवरचं सांगायला हवं. मिलच्या गेटला कुलूप असलं तरी सकाळची हजेरी पुरी भरायची. सगळे तिथे जमायचे, चहा प्यायचे आणि मिल कधी उघडणार यावर भांडायचे. त्यात कुणीतरी पुडी सोडली की मिल रंगखात्यामुळेच बंद पडली, नाल्यात विष सोडत होते म्हणून वरून बंद करवली. खरं कारण काय होतं ते मला अजूनही धड माहीत नाही, पण एवढं नक्की की आमच्या नाल्याची फिकीर वर कुणालाच नव्हती. विणाईखात्यातले गुलाबसिंग, ज्यांना आम्ही गुलाबभिया म्हणायचो, बाबांचे तीस वर्षांचे चहाचे सोबती. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "देश खुल गया भिया और मिल बंद हो गई. तुम्हारे नीले पानी ने डुबो दी." थट्टाच होती, पण बाबांना ती लागली. घरी येऊन जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "बेटा, बाटली घे. पण तुझ्या जनावरांकडून लिहून आण की रंग विषारी नाही म्हणून."

"बाबा, ती लिहून देत नाहीत."

"तर तू दे. सही-शिक्क्याचं. गेटवर लावतो."

मी म्हटलं, जे दिसेल ते लिहीन. "तेच तर बोलून राहिलो ना मी," बाबा म्हणाले. रंगात काही वाईट दिसू शकेल ही शंकासुद्धा त्यांना शिवली नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीला सडलेल्या गवताचा वास होता. या जीवांना खायला गवत उकळून ते पाणी आंबवावं लागतं. आईने त्यावर उदबत्त्या लावल्या, मग धूप घातला, मग हात जोडले. नऊ बरण्या भिंतीलगत ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर मी चिठ्ठी डकवली होती. गल्लीत बातमी फुटल्यावर तर विचारू नका. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! कुणी दूधवाल्याचं दूध आणलं तपासायला, कुणी कचोरीच्या दुकानातलं तेल आणलं. एका बाईने सासूने दिलेला काढा पदराखाली लपवून आणला आणि कानात विचारलं, "इसमें मरते हैं क्या?" मी तो काढा खरंच तपासला. सगळे मेले. ती समाधानाने घरी गेली.

आणि इकडे माझे कंट्रोलचे जीव मरू लागले. रंगाच्या बरण्यांतले मरत होते ते ठीक, त्यासाठीच तर ठेवले होते. पण साध्या पाण्यातले त्यांच्याही आधी गेले! मी बरण्या बदलल्या, गवत बदललं, नळाचं पाणी सोडून विहिरीचं आणलं. पुन्हा तेच. आठवडाभरात पहिली बरणी साफ, दुसरी अर्धी, आणि पुढच्या गडद रंगाच्या बरण्यांत त्यातल्या त्यात बरी परिस्थिती. मला रडू फुटायचं बाकी होतं. प्रबंध द्यायला महिना उरलेला, आणि कंट्रोल मेला म्हणजे प्रयोग मेला. बाबा मात्र खुशीत होते. त्यांनी गेटवर जाहीर करून टाकलं की युनिव्हर्सिटीने सिद्ध केलं आहे, साध्या पाण्यात जीव आधी मरतो, मिलच्या रंगात दोन दिवस जास्त जगतो. गुलाबभियांनी टाळ्या वाजवल्या. "तो भिया, अब नगर निगम पे ताला लगवाओ!"

एका पहाटे मला लवकर जाग आली. ओसरीत बाबा होते, अंगात खाकी शर्ट. पहिल्या बरणीचं झाकण त्यांनी काढलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं, छताकडे पाहिलं, मोरीत थुंकले. "पास." दुसरी बरणी. बोट, जीभ, छत, मोरी. तिसरी. पाळीवरच्या माणसासारखे गंभीरपणे ते ओळीने पुढे सरकत होते. मी किंचाळले, "बाबा! काय करून राहिले तुम्ही?"

ते दचकले. "चेक करतो आहे. तू झोपलेली असतेस. कुणीतरी बघायला पाहिजे ना."

"रोज?"

"मग? सुट्टी थोडीच असते."

आई धावत आली. तिला दोन शब्दांत कळलं, आणि माझ्या प्रबंधाची वाट लागली हे तिच्या खिजगणतीतही नव्हतं. "अहो, जीव आहेत त्यात! जिवंत! आणि काल संकष्टी होती!" बाबांनी तोंडावर हात ठेवला. आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं, आणि या गृहस्थाने चतुर्थीच्या दिवशी किती हजार जनावरं चाखली त्याचा हिशेब कुणाच्याने होणार होता?

मी बाबांचा हात धरून उजेडात आणला. त्या बोटाच्या नखात पांढरं काहीतरी होतं. चुना. सकाळी उठल्याउठल्या ते तंबाखू मळायचे आणि चुना त्याच बोटाने डबीतून काढायचे. मग तेच बोट पहिल्या बरणीत! सगळा चुना साध्या पाण्यात धुवून निघायचा, दुसरीत उरलासुरला, आणि पुढे रंगाच्या बरण्यांत स्वच्छ बोट. म्हणून कंट्रोल आधी मरत होता. मला इतकं हसू आलं की मी ओसरीत खालीच बसले. पण बाबा हसले नाहीत. ते आपल्या बोटाकडे पाहत होते. "चुन्यानेच मेले ना बेटा?" त्यांनी विचारलं. "की... दुसरं काही?" पेरावरची निळी झाक त्यांनी अंगठ्याने घासून पाहिली.

मलाही ते माहीत नव्हतं. तेव्हा बाबांनीच निकाल लावायचं ठरवलं. आठ दिवस तंबाखू बंद. बोटाला चुना लागणार नाही. मग ते बोट साध्या पाण्यात जिवांबरोबर बुडवायचं. जीव जगले तर दोष चुन्याचा, रंग सुटला. आणि मेले तर... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

ते आठ दिवस घराने कसे काढले ते घरालाच माहीत. तीस वर्षांची तंबाखू सुटली आणि बाबा बडीशेप, वेलची, शेव, लवंग, जे दिसेल ते चावत सुटले. रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी भांडले. बोटाला काही लागू नये म्हणून त्यावर धुतलेल्या पंच्याची चिंधी बांधली होती आणि आंघोळीच्या वेळी ते बोट वर धरलेलं असायचं, जणू काही बाद देणारा पंच. जेवायचं कसं? डाव्या हाताने जेवलेलं आईला चालेना, म्हणून वरणभातात चमचा आला. आमच्या घरात चमचा तोवर फक्त औषधाला होता. गुलाबभिया रोज संध्याकाळी सुतकाला आल्यासारखे येऊन बसायचे. "भिया, एक चुटकी. जानवरों को क्या पता चलेगा?" बाबा म्हणायचे, "जनावरांनाच पता चलतं. माणसांना नाही चलत."

नवव्या दिवशी सकाळी ओसरीत गेटवरची सात-आठ माणसं जमली. आईने पोहे केले, कुणीतरी जलेबी आणली. मी घड्याळाच्या काचेएवढ्या दोन वाट्या मांडल्या, दोन्हींत साधं पाणी आणि पंधरावीस जीव. एका वाटीत काहीच करायचं नव्हतं. दुसरीत बाबांनी साबणाने हात धुऊन, तीनदा खळबळून, बोट बुडवलं आणि पाच मिनिटं तसेच बसले. मग मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिल्या वाटीत सगळे फिरत होते. बाबांच्या वाटीत दहा मिनिटांनी मंदावले, वीस मिनिटांनी जागच्या जागी गोल फिरू लागले, आणि पंचविसाव्या मिनिटाला एकही हलत नव्हता.

मी मान वर केली नाही. आठ दिवस हा माणूस तंबाखूशिवाय राहिला होता. "क्या हुआ बेटी?" गुलाबभियांनी विचारलं. मी भिंग उगाच खालीवर करत राहिले. बाबा म्हणाले, "सरक. मी पाहतो." त्यांनी आयुष्यात कधी सूक्ष्मदर्शकात पाहिलं नव्हतं. वाकले, डोळा लावला, बराच वेळ थांबले. मग जोरात ओरडले, "अरे, फिरून राहिले! एक काळा, लांब, कसा सळसळ करून राहिला!"

पॅरामीशियम काळा नसतो. बाबांना दिसत होती ती त्यांची स्वतःची पापणी. नवखा माणूस नळीच्या फार जवळ डोळा नेतो आणि त्याला आपलेच केस दिसतात, पहिल्या वर्षाची निम्मी मुलं तीच चित्रं काढून आणतात. ओसरीत जल्लोष झाला. गुलाबभियांनी बाबांच्या तोंडात जलेबी कोंबली आणि सगळ्यांसमोर स्वतःचे कान पकडले. मी गप्प राहिले. मला वाटलं, असू दे. एवढं खोटं मी या माणसाला देणं लागते.

पुढे बरण्या कुलपात ठेवून मी प्रयोग नव्याने केला. या खेपेला कंट्रोल जगला आणि रंगाच्या आठही बरण्यांतले मेले. मी तसंच लिहिलं. बाबांनी विचारलं, "काय लिहिलंस?" म्हटलं, "दिसलं ते." त्यांनी मान हलवली आणि तंबाखूची डबी काढली. तंबाखू परत सुरू झाली होती. गेटला मात्र कागदही लागला नाही आणि मिलही उघडली नाही. आज तिथे काय आहे हे इंदूरवाल्यांना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र राहिली, तो चमचा. बाबा त्या दिवसापासून चमच्यानेच जेवू लागले. वरणभात, पोहे, श्रीखंड, सगळं. भाकरीसुद्धा दुधात कुस्करून चमच्याने. पाहुणे हसायचे. आई म्हणायची, "मिल गेली आणि साहेबी आली." मीही हसायचे. लग्न झालं, कॉलेजात शिकवायला लागले, मुलगी झाली, तरी मला काही कळलं नाही. पोरीच्या उष्टावणाच्या दोन दिवस आधी आई म्हणाली, आजोबांनी बोटात सोन्याची अंगठी घालून त्या बोटाने खीर चाटवायची. बाबा म्हणाले, "चमच्याने देतो." आई चिडून आत गेली. मी म्हटलं, "बाबा, एक दिवस तर सोडा ना तो चमचा."

ते खाली पाहत म्हणाले, "बोट नको. तुझ्या जनावरांनी सांगितलं होतं ना."

"पण... तुम्हाला तर फिरताना दिसले होते."

"पापणी होती बेटा. डोळा मिटला की हलायची. आपलीच पापणी नाही ओळखणार मी? तू बोलेनास, गेटची मंडळी उभी. मग म्हटलं, आपणच बोलावं. पाण्याचं सोड, पाणी नाल्यात वाहून गेलं. पण जे बोटात राहिलं ते पोरीच्या तोंडात घालू?"

मला वाटत होतं मी त्यांना सांभाळून घेतलं, आणि इतकी वर्षं ते मला सांभाळत बसले होते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि तिथे, जिवांच्या वाटीसमोर उभी असताना, मला माझी चूक दिसली. पहिल्या वर्षाच्या पोराला मी जिच्यासाठी नापास केलं असतं ती चूक. दुसऱ्या कुणाचं बोट मी बुडवलंच नव्हतं! बोटाला कंट्रोलच नव्हता. मी साबणाने हात धुतले, तीनदा खळबळले, माझं कधीही मिलमध्ये न गेलेलं बोट पाच मिनिटं बुडवलं आणि घड्याळ लावून बसले. वीस मिनिटांत सगळे मेले. शिपायाला बोलावून त्याचं बोट बुडवलं, तेही मेले. बोटाचा घाम असेल, मीठ असेल, साबण असेल. एवढ्याशा जिवाला माणसाचं कुठलंही बोट जड जातं.

तशीच स्कूटर काढून बाबांकडे गेले आणि दारातूनच सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग जॉबरच्या आवाजात विचारलं, "माझ्या बोटाने किती वेळात मेले होते?"

"पंचवीस मिनिटांत."

"आणि तुझ्या?"

"वीस."

ते "हं" म्हणाले आणि उठून आत गेले. मला वाटलं, पटलं नाही.

उष्टावणाच्या दिवशी आईने चांदीची वाटी पुढे ठेवली, शेजारी चांदीचा चमचाही ठेवला, न बोलता. बाबांनी अंगठी चढवली. बोट खिरीत बुडवलं आणि, सवय ती सवय, आधी स्वतःच्या जिभेला लावलं. "अहो!" आई ओरडली. बाबांनी क्षणभर छताकडे पाहिलं, म्हणाले, "पास," आणि बोट पुन्हा बुडवून पोरीच्या तोंडात दिलं. पोरीने ते दोन्ही मुठींत असं पकडलं की सोडेना. मग पंगत बसली. बाबांच्या पानाशी रोजच्याप्रमाणे चमचा होता. त्यांनी तो उचलला, पुसला, माझ्या पानावर ठेवला आणि वरणभातात हात घालत म्हणाले, "हा तू घे. पाच मिनिटांनी जास्त विषारी आहेस."